एकच एरर, दोन आजार

सोमवारी सकाळी पावणेदहाला ग्रुपवर मेसेज पडला. "ताई, रिपोर्टचा जॉब रात्रीपासून फेल होतोय. पण ब्राउझरमध्ये तर सगळं नीट उघडतंय." खाली लॉगमधली एक ओळ चिकटवलेली होती: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट.

ती ओळ वाचली आणि पोटात गोळा आला, कारण त्या सर्व्हरवरचं सर्ट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट, रविवारी संध्याकाळी मीच बदललं होतं. जुनं सर्ट बुधवारी संपणार होतं. नवीन आलं, मी ते जागेवर ठेवलं, एनजिनएक्स (आमचा वेब सर्व्हर) रिलोड केला, ब्राउझरमध्ये पत्ता उघडला, कुलूप दिसलं, नवी तारीख दिसली. काम झालं म्हणून लॅपटॉप मिटला. माझी तपासणी तेवढीच होती आणि चूक तिथेच दडलेली होती.

मांडणी साधी होती. एका लिनक्स सर्व्हरवर एनजिनएक्स, त्याच्यामागे आमची अंतर्गत एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रॅम जिच्याकडे माहिती मागतात ती सेवा. तिला हाक मारणारे दोन: पायथनमध्ये लिहिलेला रिपोर्टचा जॉब आणि गो भाषेतली एक छोटी सेवा. दोन्ही कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या फाइली सोबत असलेल्या बंद डब्यांत, चालणारे. दोन्ही बंद पडलेले. गोवाल्या सेवेच्या लॉगमध्ये शब्द वेगळे होते: सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी. अर्थ तोच, की हे सर्ट ज्याने दिलंय त्याला मी ओळखत नाही.

मी जागेवर पोहोचेपर्यंत मेसेज टाकणाऱ्या मुलाने एक उपाय करून पाहिला होता: चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे स्टेजिंगवर, सर्टची तपासणीच बंद केली. "ताई, स्टेजिंगवर तात्पुरतं व्हेरिफाय=फॉल्स टाकलं, तर लगेच चाललं."

"ते आधी काढ, मग बोलू," मी म्हटलं. त्याला वाईट वाटलं असेल, पण या एका बाबतीत मी कधीच माघार घेत नाही. तपासणी बंद केली की संवाद गुप्त राहतो, पण तो कोणाशी चाललाय हे कळायची सोय उरत नाही. मधे कोणीही उभं राहून स्वतःचं सर्ट पुढे करावं आणि आपण आपला टोकन (प्रवेशाची गुप्त खूण) त्याच्या हातात द्यावा, असा तो प्रकार. आणि ही 'तात्पुरती' ओळ काढायला पुन्हा कोणी येत नाही. दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये मला अशी ओळ सापडली होती, शेजारी 'नंतर काढणे' अशी टीप होती आणि ती टीप तीन वर्षं जुनी होती. कर्लला (कमांडवरून पत्ता उघडणारं साधन) 'के' फ्लॅग देणं, गिटची एसएसएल तपासणी बंद करणं, नोडमधलं रिजेक्ट अनऑथराइज्ड शून्यावर आणणं, हे सगळे याच घराण्यातले.

त्याने ओळ काढली. मग आम्ही दोघं शेजारी बसून मुळापासून सुरुवात केली.

पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारते: सर्व्हर प्रत्यक्ष काय पाठवतोय? आपण डिस्कवर काय ठेवलंय ते नंतर. तारेवरून पलीकडे काय जातंय ते आधी. त्यासाठी ओपनएसएसएल या सर्ट तपासणाऱ्या साधनाची एस-क्लायंट कमांड, तिला कनेक्टमध्ये होस्टचं नाव आणि 443 पोर्ट, सोबत शो-सर्ट्स. नाव सर्व्हरनेम फ्लॅगमध्येही वेगळं द्यायची माझी सवय आहे. एकाच आयपीवर अनेक साइट असतील तर सर्व्हर त्या नावावरूनच कोणतं सर्ट द्यायचं ते ठरवतो. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या ते नाव आपणहून पाठवत नसत आणि मग भलत्याच साइटचं सर्ट हातात येऊन अर्धा तास वाया जायचा.

उत्तर आलं. त्यात 'सर्टिफिकेट चेन' या मथळ्याखाली एकच नोंद होती. क्रमांक 0, आमचं सर्ट. खाली ते कोणी दिलं त्याचं नाव. बस. क्रमांक 1 नाहीच.

"इथे दोन ओळी हव्यात," मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "पण ब्राउझरला चालतंय ना?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा घोळ समजला की अर्ध्याहून जास्त प्रकरणं सुटतात. आपलं सर्ट थेट रूट सर्टने, म्हणजे सर्ट देणाऱ्या संस्थेच्या मूळ सर्टने, सही केलेलं नसतं. रूटची चावी कडेकोट बंदोबस्तात, शक्यतो ऑफलाइन ठेवलेली असते. रोजच्या सह्या इंटरमीजिएट सर्टने होतात. म्हणजे साखळी अशी: आमचं सर्ट, त्यावर इंटरमीजिएटची सही, इंटरमीजिएटवर रूटची सही. क्लायंटजवळ आधीपासून फक्त रूटची यादी असते. आमचं सर्ट आणि मधला दुवा हे दोन्ही सर्व्हरने पाठवायचे असतात. रूट पाठवायची गरज नसते, कारण पाठवला तरी क्लायंट स्वतःच्या यादीतल्यावरच विश्वास ठेवणार.

मधला दुवा सर्व्हरने दिला नाही तर काही ब्राउझर तो स्वतः शोधून आणतात. सर्टच्या आतच एक पत्ता असतो, इश्यूअरचं सर्ट कुठे मिळेल याचा. क्रोम तिथे जाऊन ते उतरवून घेऊ शकतो. फायरफॉक्स माहीत असलेली इंटरमीजिएट आधीच जवळ बाळगतो. कर्ल, पायथन, गो यांपैकी कोणी असलं काही करत नाही. साखळी तुटली की ते तिथेच थांबतात, आणि ते बरोबरच करतात. म्हणून ब्राउझरमधलं कुलूप हा सर्व्हरचा पुरावा होत नाही. रविवारी मला हेच नडलं.

सर्ट देणाऱ्या कंपनीकडून आलेल्या झिपमध्ये दोन फाइली होत्या, एक आमच्या नावाची, एक इंटरमीजिएटची. जुन्या वेळी कोणीतरी त्या जोडून एक फाइल केली होती. मी नव्या झिपमधली आमच्या नावाची तेवढी उचलून जुन्याच्या जागी ठेवली. एनजिनएक्सने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चावी आणि सर्ट जुळत होते. साखळी पूर्ण आहे का, हे तो बघत नाही.

जोडायचं काम सोपं: कॅट कमांड, आधी आमचं सर्ट, मग इंटरमीजिएट. क्रम महत्त्वाचा. उलटं लावलं तर एनजिनएक्स पहिलं सर्ट आपलं समजतो आणि चावी जुळत नाही म्हणून ओरडतो. आम्ही क्रम बरोबर लावला, तरी एनजिनएक्सच्या 'टी' तपासणीत एरर आली: बॅड एंड लाइन. फाइल उघडून पाहिली. मधोमध ही ओळ होती:

-----एंड सर्टिफिकेट----------बिगिन सर्टिफिकेट-----

पहिल्या फाइलीच्या शेवटी नवी ओळ नव्हती, त्यामुळे एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांना चिकटून दहा डॅशची एक पट्टी झाली होती. तिथे कर्सर ठेवून एंटर दाबला, पुन्हा तपासलं, पास. रिलोड केलं. एस-क्लायंट पुन्हा चालवला. आता क्रमांक 0 आणि क्रमांक 1, दोन्ही ओळी, आणि शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड 0. पायथनचा जॉब हाताने चालवला. रिपोर्ट तयार झाला.

साडेअकरा वाजले होते. मी ग्रुपवर 'झालं' असं लिहायला घेतलं तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, गोवाली सेवा अजून तेच सांगतेय."

रीस्टार्ट केली. तेच. साइन्ड बाय अननोन अथॉरिटी, शब्दाला शब्द तोच मजकूर. त्याचा पहिला अंदाज स्वाभाविक होता: आपली दुरुस्ती अर्धवट राहिली, पुन्हा एनजिनएक्स बघू. पण बाहेरून साखळी पूर्ण दिसत होती आणि पायथन चालला होता. सर्व्हर दोघांना वेगवेगळं काही पाठवत नव्हता. म्हणजे फरक घेणाऱ्यात होता.

आता कंटेनरच्या आत डोकावायचं. पण ती इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो फाइलींचा साचा, 'स्क्रॅच'वर, अगदी रिकाम्या पायावर बांधलेली. आत शेल नाही, एलएस नाही, कॅट नाही, काहीच नाही. एक बायनरी आणि रूट सर्टांचं एक बंडल, एवढाच संसार. अशा वेळी कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची सीपी कमांड कामाला येते. तिला आतल्या शेलची गरज नसते, फाइल सरळ बाहेर काढता येते. आम्ही /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स मधली सीए-सर्टिफिकेट्स ही फाइल होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या मशीनवर, काढून घेतली आणि ओपनएसएसएलच्या व्हेरिफाय कमांडला सांगितलं: होस्टची यादी बाजूला ठेव, फक्त या फाइलीवर विश्वास ठेव, इंटरमीजिएट हे घे, आणि आमचं सर्ट तपास.

उत्तर आलं: एरर 20, ॲट 1 डेप्थ लुकअप, अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट.

हीच ती ओळ, सकाळी पायथनने दाखवलेली. पण इथे एक आकडा जास्त होता आणि तो आकडा माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. सकाळचा, दुरुस्तीआधीचा एस-क्लायंटचा निकाल आम्ही टर्मिनलवर मागे जाऊन पाहिला. तिथेही एरर 20 होती, पण डेप्थ 0. पाठोपाठ एरर 21, पहिलंच सर्ट तपासता येत नाही.

डेप्थ म्हणजे साखळीत खालून कितवी कडी. डेप्थ 0 म्हणजे आमचं सर्ट. त्याला सही करणारा सापडला नाही, म्हणजे सर्व्हरने इंटरमीजिएट पाठवलेलंच नाही. डेप्थ 1 म्हणजे इंटरमीजिएटपर्यंत गाडी पोहोचली, पण त्याला सही करणारा रूट या क्लायंटच्या यादीत नाही. मधे दोन इंटरमीजिएट असतील तर दुसरं राहून गेलं असंही होऊ शकतं, आमच्याकडे एकच होतं. शब्द तेच, रोग दोन. पहिल्याचं औषध सर्व्हरवर, दुसऱ्याचं क्लायंटवर. गो आणि पायथन आपल्या एररमध्ये हा आकडा सांगत नाहीत, म्हणून मी भाषेची एरर वाचून कधीच थांबत नाही. तीच तपासणी ओपनएसएसएलकडून करून घेते आणि आकडा बघते.

आता प्रश्न उरला की रूट गेला कुठे. जुन्या सर्टची प्रत जपून ठेवली होती. दोन्ही सर्टांचे इश्यूअर शेजारी शेजारी ठेवले. जुन्याची साखळी एका रूटला जात होती, नव्याची दुसऱ्या, अलीकडच्या रूटला. सर्ट देणारी संस्था तीच, पण तिने मधल्या काळात सह्यांचं काम नव्या रूटकडे नेलं होतं. हे अधूनमधून होतंच. लिनक्स वितरणांच्या याद्या मोझिलाच्या यादीवरून बनतात, त्यात दीडशेच्या आसपास रूट असतात, नवे भरती होतात, जुने निवृत्त होतात. होस्ट नियमित अपडेट होत असल्याने त्याच्याकडे नवा रूट होता. पायथनच्या इमेजमध्येही होता. गोच्या इमेजमध्ये नव्हता.

"पण ती इमेज तर आपण गेल्या आठवड्यात बांधलीय," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. इमेजवरची तारीख गेल्या आठवड्याचीच होती. डॉकरफाइल (इमेज कशी बांधायची त्याची कृती) उघडली. रूटांचं बंडल आमच्याच एका पायाभूत इमेजमधून कॉपी होत होतं आणि ती पायाभूत इमेज दोन वर्षांपूर्वी बांधून ठेवलेली, टॅग '1.0', तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. दर आठवड्याला त्यावर नवं घर उभं राहायचं, पाया मात्र दोन वर्षांपूर्वीच्या दिवसावर थांबलेला. होस्टवर सर्ट बंडल अपडेट केलं की कंटेनरलाही ते मिळतं, असा समज मी अनेक अनुभवी लोकांतही पाहिलाय. कंटेनर होस्टचा कर्नल वापरतो, घड्याळ वापरतो, पण फाइली स्वतःच्याच बघतो.

पाया पुन्हा बांधायला दिला. सहा-सात सेकंदांत तयार. इतक्या लवकर पॅकेज उतरूच शकत नाहीत, म्हणून आउटपुट वर सरकवून पाहिलं. पॅकेज बसवणाऱ्या ओळीसमोर 'कॅश्ड' असं लिहिलेलं. डॉकरफाइलमधली ती ओळ बदललेली नव्हती, खालची इमेजही तीच, तेव्हा डॉकरने जुना थर जसाच्या तसा उचलून दिला होता. म्हणजे नव्या टॅगखाली तोच जुना माल. नो-कॅश आणि पुल हे दोन्ही फ्लॅग देऊन परत बांधलं, या वेळी दीड मिनिट लागलं. बंडल बाहेर काढून व्हेरिफाय चालवलं: ओके. मग सेवा नव्याने बांधली आणि सोडली. पाऊण वाजता ती बोलायला लागली.

त्या दिवशी एवढं निभावलं. पण त्याच्या डोक्यात एक प्रश्न राहिला होता आणि तो त्याने दोन दिवसांनी विचारला: "पायथनची इमेज काही फार नवी नाही. मग तिच्याकडे नवा रूट कसा?"

चांगला प्रश्न. आम्ही स्टेजिंगच्या मशीनवर पायथनची एक छोटी स्क्रिप्ट एसट्रेसखाली चालवली, फक्त ओपनॲट हा सिस्टीम कॉल बघायला सांगून. म्हणजे ही प्रोसेस कोणकोणत्या फाइली उघडते, त्याची यादी. शेकडो ओळी आल्या. त्यात 'पीईएम' शोधलं आणि सापडलं: पायथनच्या साइट-पॅकेजेसमधल्या सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली सीएसर्ट फाइल. /ईटीसी/एसएसएल कडे रिक्वेस्ट्स लायब्ररीने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पिपने (पायथनची पॅकेज बसवणारं साधन) बसवलेल्या सर्टिफायची स्वतःची यादी असते आणि आमच्या जॉबमध्ये ते पॅकेज महिन्याभरापूर्वी अपडेट झालेलं होतं.

एसट्रेसचं हे एक आउटपुट मी प्रत्येक नव्या माणसाला दाखवते. 'या मशीनचा कोणावर विश्वास आहे' असा प्रश्नच चुकीचा पडतो. मशीनवर एक यादी वितरणाची, एक सर्टिफायची, एक जावाची, एक नोडच्या पोटात बांधलेली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या रिपॉझिटरीतून आलेलं सर्टिफाय मात्र सिस्टीमच्या यादीकडेच वळवलेलं असतं, म्हणजे एकाच नावाचं पॅकेज कुठून बसवलं त्यावर उत्तर बदलतं. शंका असली की मी वाद घालत बसत नाही, प्रोसेसने कोणती फाइल उघडली ते बघते.

हे ज्ञान लगेच पुढच्या आठवड्यात कामी आलं. डेटाबेसपुढच्या एका सेवेला आमच्या स्वतःच्या अंतर्गत सीएचं (सर्ट देणाऱ्या यंत्रणेचं) सर्ट लागलं. तो रूट कोणाच्याच यादीत असणार नाही, तो आपणच घालायचा. डेबियन घराण्यात तो /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स मध्ये ठेवायचा आणि अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवायचं. रेड हॅट घराण्यात /ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स मध्ये ठेवून अपडेट-सीए-ट्रस्ट. त्याने फाइल ठेवली, कमांड चालवली, उत्तर आलं '0 ॲडेड'. कमांड यशस्वी, एरर नाही, पण जोडलं शून्य. फाइलीचं नाव .पीईएम ने संपत होतं. डेबियनची ती स्क्रिप्ट .सीआरटी ने संपणाऱ्या फाइलीच उचलते, बाकीच्यांकडे मुकाट्याने दुर्लक्ष करते. नाव बदललं, '1 ॲडेड'. तो आकडा वाचायची सवय लावून घ्या, कमांडचं यश तिथेच दिसतं.

कर्ल खूश झाला. जावाची सेवा मात्र पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड म्हणत राहिली. तिच्या इमेजमधल्या जावाची यादी सीएसर्ट्स नावाच्या कीस्टोअरमध्ये, तिथे कीटूलने रूट आत घालावा लागला. पासवर्ड अर्थातच तो वर्षानुवर्षांचा 'चेंजइट'. पायथनसाठी आम्ही रिक्वेस्ट्स-सीए-बंडल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अंतर्गत रूटच्या फाइलीकडे वळवलं आणि अंतर्गत सेवा चालू झाली, पण त्याच जॉबमधल्या बाहेरच्या सगळ्या एपीआय एकदम बंद पडल्या. हे व्हेरिएबल यादीत भर घालत नाही, यादीच बदलतं. सिस्टीमच्या पूर्ण बंडलचा पत्ता दिला, ज्यात आमचा रूट आता मिसळलेला होता, तेव्हा दोन्ही चालले. नोडचं नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स मात्र खरंच भर घालतं. दोघांचा स्वभाव वेगळा, हे फक्त करूनच कळतं.

घड्याळाबद्दल एवढंच सांगते की 'अजून वैध नाही' किंवा अचानक 'मुदत संपली' असं काही आलं तर आधी होस्टवर टाइमडेटसीटीएल ही वेळ दाखवणारी कमांड बघा. कंटेनरच्या आत वेळ दुरुस्त करायला जाऊ नका, तिथे वेगळं घड्याळ नसतं.

मुदतीवरून आठवलं. 30 सप्टेंबर 2021 ला डीएसटी रूट सीए एक्स3 हा रूट संपला, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्ट देणाऱ्या संस्थेची वैध सर्टं असलेल्या कितीतरी सेवा जुन्या मशीनवरून दिसेनाशा झाल्या. सर्व्हर आपल्या साखळीत त्या संपलेल्या रूटकडे जाणारा एक दुवा देत होते. नव्या क्लायंटना लेट्स एन्क्रिप्टचा स्वतःचा रूट, आयएसआरजी रूट एक्स1, आधीच माहीत असल्याने ते तिथेच थांबून 'ठीक आहे' म्हणत. ओपनएसएसएल 1.0.2 मात्र सर्व्हरने दाखवलेल्या वाटेने शेवटपर्यंत जायचा, संपलेल्या रूटवर आपटायचा आणि दुसरी वाट न शोधता परत यायचा. एक्स1 यादीत असेल तर संपलेला रूट तिच्यातून काढून टाकल्यावर तोच क्लायंट चालू लागायचा. काढून टाकल्याने विश्वास जुळतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

आता शेवटचं प्रकरण, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. आमचा एक दुसरा एनजिनएक्स कंटेनरमध्येच चालतो आणि त्याचं सर्ट सर्टबॉटकडून, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टची सर्टं आपोआप आणणाऱ्या साधनाकडून, 90 दिवसांचं. होस्टवर सर्टबॉट आपोआप नूतनीकरण करतो. त्याच्या लॉगमध्ये सगळं हिरवं. तरीही एके दिवशी मॉनिटरिंगने सांगितलं की बाहेर दिसणारं सर्ट नऊ दिवसांत संपतंय.

पहिला संशय नेहमीचा: नवीन फाइल आली, पण एनजिनएक्सने ती वाचलीच नाही. तो सर्ट सुरुवातीला किंवा रिलोडच्या वेळी वाचतो, मग मेमरीतलंच देत राहतो. कंटेनरमध्ये रिलोड दिलं. बाहेरून पाहिलं. तीच जुनी तारीख.

होस्टवर फाइलीची एंड-डेट पाहिली: नवी. कंटेनरच्या आत, त्याच नावाच्या फाइलीची एंड-डेट पाहिली: जुनी. एकच फाइल, दोन तारखा. मी ते दोन आउटपुट शेजारी ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले होते.

उलगडा असा झाला. सर्टबॉटच्या लाइव्ह डिरेक्टरीत खऱ्या फाइली नसतात, सिमलिंक असतात. त्या आर्काइव्ह डिरेक्टरीतल्या फुलचेन1, फुलचेन2 अशा फाइलींकडे बोट दाखवतात. नूतनीकरण झालं की नवी फाइल तयार होते आणि सिमलिंक तिच्याकडे वळते. आम्ही कंटेनर सुरू करताना लाइव्हमधली ती एकच फाइल आत माउंट केली, म्हणजे आतून दिसेल अशी जोडली होती. डॉकरने माउंट करताना सिमलिंकचा माग काढला, त्या क्षणी ती फुलचेन4 कडे बघत होती, आणि फुलचेन4 च आत बसवली. नंतर बाहेरची लिंक फुलचेन5 कडे वळली तरी आतल्याला त्याचा पत्ताच नाही. तो कंटेनर जिवंत असेपर्यंत फुलचेन4 च धरून बसणार. कंटेनर दर महिन्याला कशा ना कशा निमित्ताने नव्याने सुरू व्हायचा, म्हणून आधीच्या वेळांना हे झाकलं गेलं होतं.

एकट्या फाइलीऐवजी लाइव्ह डिरेक्टरी माउंट करून पाहिली. एनजिनएक्स सुरूच होईना, नो सच फाइल. आतल्या सिमलिंक दोन पायऱ्या वर जाऊन आर्काइव्हमध्ये शिरतात आणि आर्काइव्ह तर आत आलंच नव्हतं. शेवटी लेट्सएन्क्रिप्टची पूर्ण डिरेक्टरी फक्त-वाचन करून आत दिली. त्यामुळे सगळ्या चाव्या आत दिसतात हे मला फारसं रुचलेलं नाही, पण त्या मशीनवर एकाच साइटचं सर्ट आहे म्हणून मान्य केलं. अनेक साइट असत्या तर मी डिप्लॉय-हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) हवी तेवढी सर्टं एका वेगळ्या डिरेक्टरीत कॉपी करून तीच माउंट केली असती. आता आमच्या डिप्लॉय-हुकमध्ये कंटेनरला रिलोड सांगणारी ओळ आहे, आणि त्यानंतर बाहेरून एस-क्लायंटने सिरीयल नंबर वाचून तो डिस्कवरच्याशी ताडून बघणारी आणखी एक.

मुदती आखडत चालल्या आहेत. सार्वजनिक सर्टांची कमाल मुदत सप्टेंबर 2020 पासून 398 दिवस होती. सर्ट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने ठरवल्याप्रमाणे मार्च 2026 पासून ती 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47 दिवस. झिप उघडून हाताने फाइली जोडायचं माझं रविवारचं काम त्या वेगात टिकणार नाही, म्हणून त्या पहिल्या सर्व्हरवरही आम्ही नूतनीकरण आपोआप होईल असं करून टाकलं. ओपनएसएसएलला चेकएंड आणि 1209600 सेकंद, म्हणजे चौदा दिवस, असं देऊन रोज सकाळी एक तपासणी चालते. ती मी मुद्दाम होस्टच्या यादीवर सोडली नाही. ज्या कंटेनरमधून खरोखर हाक मारली जाते त्यांच्याच यादीने, त्यांच्याच नजरेने ती बघते.

गेल्या नूतनीकरणाच्या दिवशी मी सुट्टीवर होते. दुपारी फोनवर त्याचा मेसेज आला. एस-क्लायंटचं आउटपुट होतं: साखळीत 0 आणि 1, नवी तारीख, रिटर्न कोड 0. मी अंगठा दाखवणार तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली, "ताई, दोन्ही कंटेनरच्या नजरेनेही बघितलंय."